रखमाजी चोपदाराच्या पाठीत सुई घातली त्याची हकिकत

श्रीकुलस्वामिनी साह्य असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, जे वर्तमान जाहले ते ऐसे. रखमाजी चोपदार महाराजांचे पदरी तीस वर्षे होता. चांदीचा चोप, म्हणजे दरबारी दंड, धरून सिंहासनासमोर उभे राहावे आणि तीन वेळा लवून मुजरा करावा, हीच त्याची चाकरी. त्या साली त्याच्या कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली आणि डाव्या पायात टाचेपर्यंत ऐशी कळ उतरू लागली की लवणे मरणप्राय जाहले. मग कारभारी बोलिले, "पौर्णिमेच्या दरबारी मुजरा न जमल्यास चोप दुसऱ्याचे हाती जाईल." चोपावाचून आपण कोण, हे गरीब रखमाजीस ठाऊकच नव्हते.

इतक्यात परमुलखी विद्या शिकलेले वैद्यराज हेरंबशास्त्री नगरात दाखल जाहले. पाठ फाडणे नाही, टाके नाहीत, दुखऱ्या नसेपाशी सुईने औषध सोडावे, छिद्र तिळाएवढे आणि रोगी सायंकाळी पायी घरी, ऐशी त्यांची कीर्ती. महाराज बोलिले, "आम्ही समक्ष पाहू." मग भर दरबारात रखमाजीस पालथे निजविले आणि अंगाच्या आतले दाखविणारे यंत्र लाविले, तेव्हा गादी दोन्ही अंगांस फुगलेली दिसली. वैद्यराजांनी पुसिले, "कळ कोणत्या बाजूस?" आता त्या दरबाराचा रिवाज ऐसा की उजवे-डावे सिंहासनावरून मोजावे, सबब समोर उभ्या चोपदाराचे डावे ते दरबाराचे उजवे. तीस वर्षांत जिभेस तेच वळण पडलेले. रखमाजी बोलिला, "उजवीकडे, जी." वैद्यराज परमुलखी, त्यांनी उजवे ते उजवेच धरिले आणि सुई भलत्याच अंगी शिरली. रखमाजीस आपली घोडचूक उमगली आणि तो तोंड उघडतो तोच महाराज वदले, "शाबास, वैद्यराज!" महाराजांनी शाबास म्हटल्यावर उलट बोलणे हा त्या राज्यात गुन्हा, मग रखमाजीने शब्द गिळिला आणि पायाची आणि सुईची, दोन्ही कळा सोसून पडून राहिला.

पौर्णिमेस पहिला मुजरा कसाबसा जाहला. दुसऱ्यास पाय गेला आणि चोप खणखणत फरशीवर पडला. महाराज रागे भरले, "छिद्र तिळाएवढे आणि सोंग केवढे!" वैद्यराजांनीही औषध नीट पडल्याची ग्वाही दिली आणि चोप कारभाऱ्यांच्या मेहुण्यास बहाल जाहला.

रखमाजीस चौघांनी उचलून घरी आणिले. सारे ऐकून त्याची बायको गोजाबाई कडाडली, "अवं, भलतीकडं टोचताय म्हनून तिथंच सांगायचं हुतं की!"

"महाराज शाबास म्हनले हुते."

"पाठ तुमची हाय, म्हाराजांची न्हवं!" ऐसे बोलून तिने वीट तापविली, फडक्यात गुंडाळिली आणि पुसिले, "कुठं शेकू?"

"उजवीकडं," रखमाजी बोलिला.

गोजाबाईने वीट डाव्या अंगास लाविली, नेमकी दुखऱ्या जागी. तेव्हा रखमाजी उशीत तोंड खुपसून ढसढसा रडला.

सारांश, सुई बारीक होती, वैद्य हुशार होते, महाराज दयाळू होते आणि रखमाजी पुन्हा ताठ उभा राहिला नाही. गोजाबाईस दरबारी कोणी बोलाविले नव्हते. जैसे घडले तैसे लिहिले, अधिक लिहवत नाही.