माणूस मागूनही पाहा लागते

पटलेभाऊंना नमस्कार केला, की उत्तर द्यायच्या आधी ते तुमच्या मागे जाऊन उभे राहायचे. पहिल्यांदा मी खिसा चाचपला होता. नंतर कळलं, ते नुसतं पाहतात. मान, कॉलर, कानामागची जागा, चपलेची झिजलेली टाच. मग पुढे येऊन अगदी अदबीनं म्हणायचे, "नमस्कार जी. माणूस मागूनही पाहा लागते."

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. माझा गोंदियात छोटा छापखाना होता आणि हौसेखातर मी एक दिवाळी अंक काढायचो. पटलेभाऊंचं अर्जुनी मोरगावात कृषी केंद्र. बियाणं, खतं, फवारणीची औषधं, आणि उरलेल्या वेळात कथालेखन. खरं तर उरलेला वेळ दुकानाला मिळायचा. युरिया मागायला आलेल्या शेतकऱ्याला हे विचारणार, "तुमचं नाक लहानपणापासून असंच हाय, का मंग कुठं पडले होते?" गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "भाऊ, पोतं देऊन राहिले का जाऊ?"

कथा घेऊन ते सकाळच्या गाडीनं गोंदियाला यायचे. पण हा गृहस्थ एका जागी टिकेल तर शपथ. खुर्चीवर बसले न बसले तोच उठायचे, कॉम्प्युटरवरच्या ऑपरेटरच्या भुवया पाहून यायचे, दारात जाऊन रिक्षावाल्याची हनुवटी पाहून यायचे. मी म्हणायचो, "बसा की हो घडीभर." तर म्हणायचे, "बसलं तं एकाच बाजूनं दिसते जी."

आणि त्या कथा! पात्र दारातून आत येतंय, पहिलं पान संपलं, तरी ते उंबऱ्यावरच. अजून कपाळ चाललंय. मग भुवया, मग पापण्या, मग कानाची पाळी चिकटलेली की सुटी. पात्राच्या मागे पोलीस लागलेले असोत नाहीतर घराला आग लागलेली असो, पटलेभाऊंना घाई नाही. एका कथेत नवरा रुसून निघाला, आणि बायको "थांबा" म्हणेपर्यंत तिच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाचं वर्णन एवढं रंगलं, की तेवढ्यात तो नागपूरला पोहोचला असता.

मी डोकं धरून सांगायचो, "भाऊ, वाचकाला थोडं काम ठेवा. सावळा, मध्यम बांध्याचा एवढं म्हटलं, की पुरे. बाकीचं तो मनानं भरून घेतो."

यावर मात्र त्यांचा पारा चढायचा. "काऊन भरन तो? त्यानं पाह्यलं हाय का त्या माणसाले? सावळा म्हणजे अर्धा जिल्हा सावळा हाय जी."

एकदा त्यांनी कोहमाऱ्याच्या एका ढाबेवाल्याला जसाच्या तसा उचलून कथेत चोर केला. ट्रकवाल्यांनीही त्याला ओळखलं. ढाबेवाला अंक घेऊन माझ्या छापखान्यात हजर. "मेरे कान के बाल छाप दिए आपने," म्हणाला. मी कशीबशी माफी मागितली, चहा पाजला. जाताना तो आणखी चार अंक घेऊन गेला. सासुरवाडीला द्यायचे होते म्हणे.

एका साली मात्र त्यांनी हद्द केली. कथा अशी: एक माणूस गोंदिया स्टेशनावर उतरतो आणि रिक्षात बसून निघून जातो. संपली. बाकी सगळी पानं त्या माणसाचं वर्णन. अंक छपाईला जायचा होता, जागा नव्हती, माझं डोकं आधीच फिरलेलं. मी लाल पेन घेतला आणि त्यांच्यासमोरच वर्णनावर फुली मारायला लागलो. "दोन ओळी ठेवतो. रंग सावळा, बांधा मध्यम."

पटलेभाऊ येरझाऱ्या घालत होते, ते थांबले. माझा हात धरला. "गोष्ट कापा जी. पूर्णच कापा. माणूस राहू द्या."

"अहो, गोष्टच कापली तर छापू काय?"

ते खुर्चीवर बसले. "हा माझा लहान भाऊ हाय. सेवक नाव त्याचं. इथंच राईस मिलमधी कामाले होता. एक दिवस मिलमधून निघाला, घरी आलाच नाई. वर्षं झाली आता. मी ठाण्यात गेलो. साहेबानं इचारलं, दिसते कसा? मी म्हटलं, सावळा हाय, मध्यम हाय. साहेब म्हणे, आणखी? एका ताटात जेवलो जी त्याच्यासंगं, अन् मले आणखी काहीच सांगता नाई आलं. फोटोही नोयता."

मी पेन खाली ठेवला.

"मंग आईले इचारलं, त्याच्या दोस्तायले इचारलं. कान कसे, चाल कशी, हसला तं कोणता दात दिसे. सारं जमा केलं. तुमचा अंक बालाघाटले जाते, डोंगरगडले जाते. कोणी वाचन, अन् म्हणन, हा माणूस तं आपल्या गल्लीत राहते." मग म्हणाले, "पर आता तो तसा राह्यला नसन. केस पिकले असतीन, मानंवर सुरकुती आली असन. ते मी कुठून आणू? त्याच्या वयाचा माणूस दिसला, का पाहून घेतो. तुमीही त्याच्याच वयाचे आहा."

छापायचं तेवढं छापू, एखादी जाहिरात कमी करू, असं काहीतरी मी पुटपुटलो. पण ते ऐकत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. इतकी वर्षं या पाहण्याचा मला राग यायचा. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि उजेडात तोंड धरून म्हटलं, "पाहा भाऊ. निवांत पाहा."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. कपाळापासून कानापर्यंत सावकाश पाहत गेले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "कानाजवळचे केस आधी पिकतेत म्हणजे."