सोबत कोण आहे?

गेली तीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय. मुंगीच्या पायाएवढा स्क्रू चिमट्यात असा धरतो की स्क्रूलासुद्धा पत्ता लागत नाही. त्यामुळे डोळ्यांबद्दल मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकंच फिरतं.

पण मला मधुमेह आहे. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि मी दोन वर्षं ते शिताफीने टाळलं होतं. शेवटी हिनेच नंबर लावला. तारीख मिळाली ती नेमकी लेक घरी येणार त्या दिवसाची!

लेक तीन वर्षांनी येत होती. तीन वर्षं ती मला फोनवर दिसायची, तीही अर्धीमुर्धी. कधी नुसतं कपाळ, कधी हनुवटी आणि मागे फिरणारा पंखा. मी हिला म्हटलं, सकाळी तपासणी उरकतो आणि तसाच स्टँडवर जाऊन तिला घेऊन येतो. ही म्हणाली की दवाखान्याने सोबत माणूस आणा म्हणून सांगितलंय, काळा चष्माही न्या. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं विचारून मी बाहेर पडलो.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनीही पहिला प्रश्न तोच विचारला. "सोबत कोण आहे?"

"मीच आहे," मी म्हणालो.

त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले. बाहुल्या मोठ्या होतील, चार-पाच तास जवळचं दिसणार नाही, ऊन सहन होणार नाही, गाडी तर चालवायचीच नाही, असं त्यांनी समजावलं. मी मान डोलावली आणि एक अक्षर ऐकलं नाही. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी डोळ्यांत दिवा मारून वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा, असं सगळीकडे बघायला लावलं. पडदा उत्तम होता. मी विजयी वीरासारखा बाहेर आलो आणि उन्हाने माझ्या थोबाडीत मारली.

स्टँडवर पोहोचलो तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. लेकीचा मेसेज आला होता, पण अक्षरं साखरेला लागलेल्या मुंग्यांसारखी वळवळत होती. इतक्यात समोरच्या बसमधून एक लांब वेणी उतरली. लेक तीन वर्षांपूर्वी गेली तेव्हा होती तीच वेणी. मी धावत जाऊन तिच्या हातातली बॅग घेतली आणि चालू लागलो. मागे वळून बघितलं नाही, कारण डोळ्यांतल्या धारा तिला रडणं वाटल्या असत्या. चालता चालताच मी तिला बोलत सुटलो. किती वाळलीयस, आई सकाळपासून खिडकीत उभी आहे, तीन वर्षांत एकदा तरी यायचंस.

रिक्षापाशी आल्यावर मागून एक अनोळखी आवाज म्हणाला, "हमालदादा, माझी आई तुम्हाला कुठे भेटली?"

मी बॅग खाली ठेवली. त्या बाईंची माफी मागितली. लेकीची वाट बघतोय, एवढं कसंबसं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रिक्षात बसता बसता त्यांनी फोन काढला आणि मी त्यांना "आई, मी पोचले गं" एवढं म्हणताना ऐकलं.

"बाबा!"

फलाटाच्या टोकाला ती उभी होती. झाडाच्या सावलीत, केस कापलेले, अंगाने भरलेली. लांबून मला ती लख्ख दिसली. मी पुढे झालो, तीही पुढे आली, आणि जसजशी जवळ आली तसतशी पुसट होत गेली. मिठीत आली तेव्हा तर नाक-डोळे काहीच नव्हते, नुसता उजेड होता. मग मी हातांनी चाचपून पाहिलं. कान जागेवर होते.

"बाबा, तुम्ही एकटे कसे आलात? पुढच्या वर्षी तपासणीला मी येईन सोबत. शब्द देते."

ती चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी तिला बसमध्ये बसवून मी थेट दवाखान्यात गेलो आणि नर्सबाईंना विचारलं, ही तपासणी वर्षाऐवजी दर तीन महिन्यांनी नाही का करता येणार?

त्यांनी माझा कागद उलटसुलट पाहिला. म्हणाल्या, "काका, डोळे अगदी छान आहेत हो तुमचे. काही गरज नाही."

चांगला रिपोर्ट आला म्हणून तोंड पाडून घरी जाणारा त्यांच्याकडचा मी पहिलाच पेशंट असेन.