दोन पर्यायांचे शेवाळेकाका

बाकीच्यांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, शेवाळेकाकांच्या खिशात प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. इलेक्ट्रिशियन वायरी आवळायला वापरतात त्याच, एकदा ओढली की मागे न सरकणाऱ्या. कशाला म्हणून विचारलं तर शांतपणे सांगतात, "असू द्याव्यात. कुठला माणूस कधी हाताबाहेर जाईल, सांगता येत नाही."

यावरून तुम्हाला वाटेल, गृहस्थ पोलिसात होते. छे. ते विमानात होते. म्हणजे विमान चालवत नव्हते, विमानातल्या माणसांना चालवत होते. केबिन क्रूचे प्रमुख म्हणून रिटायर झाले आणि द्वारका चौकाजवळच्या आमच्या सोसायटीत, माझ्या अगदी समोरच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिले. एकटेच. लग्नाचं विचारलं की म्हणतात, "मुलगी बघायचं ठरायचं आणि माझी ड्युटी लागायची. शेवटी मुलीच कंटाळल्या."

इतकी वर्षं विमानात काढलेला माणूस लंडन-सिंगापूरच्या गप्पा मारेल असं कुणालाही वाटेल. काकांना लंडन विचारलं तर ते हॉटेलची खोली आणि तिथला पाऊस एवढंच सांगतात. त्यांचा खरा विषय एकच: दंगा करणारा प्रवासी. तो कसा ओळखावा, कसा शांत करावा आणि नाहीच झाला तर कसा बांधावा. एकदा सुरू झाले की आमटी गॅसवर आहे हे सांगूनसुद्धा सुटका नाही.

"ताई, विमानाच्या दारात आम्ही हात जोडून उभे असतो, ते तुम्हाला स्वागत वाटतं?"

"मग काय असतं?"

"तपासणी असते. नमस्कार करताना थोडं वाकायचं. वाकलं की वास येतो."

तेव्हापासून विमानातला नमस्कार मी श्वास रोखून घेते, प्यायलेली नसतानाही.

माझ्या पुतण्याच्या लग्नात काका कुणीही न सांगता कार्यालयाच्या दारात उभे राहिले. येईल त्याला वाकून नमस्कार. वरपक्षाला वाटलं, मुलीकडचे कुणी वडीलधारे असावेत. मुलीकडच्यांना वाटलं, आमच्याकडचे. अर्ध्या तासाने माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बदामी सफारीवर लक्ष ठेवा. जेवणाच्या वेळी पेटणार." आणि खरंच, मठ्ठा संपला म्हणून बदामी सफारीने आचाऱ्याची गचांडी धरली. ते व्याही निघाले, म्हणून पट्टी खिशातच राहिली.

काकांचं ठरलेलं वाक्य म्हणजे, "तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत." रागावलेल्या माणसाला कधी 'नको' म्हणायचं नाही, निवडायला द्यायचं, असं त्यांचं शास्त्र सांगतं. माणूस निवडायला लागला की भांडण विसरतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून पगारे तावातावाने उठले, तेव्हा काका त्यांच्याजवळ गेले आणि गर्भवतीशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "पगारेसाहेब, तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. बसून बोला, किंवा उभं राहून ऐका." पगारे विचारात पडले. ते अजून विचार करतच होते, तोवर ठराव पास झाला.

सगळीकडे मात्र हे चालत नाही. भाजीवाल्याला एकदा काका म्हणाले, "भाऊ, तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. भाव कमी करा, किंवा कोथिंबीर वर द्या." त्याने मान वर न करता सांगितलं, "काका, तिसरा पर्याय बी हाय. पुढच्या गाडीवर जा."

आता काकांच्या पासविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. रिटायर झालेल्या क्रूला कंपनी विमानाचा फुकट पास देते. जागा रिकामी असली तर बसायचं. लोक पंचवटीला चक्कर मारतात तसे काका महिन्यातून एकदा दिल्लीला चक्कर मारत. दुपारी ओझरच्या विमानतळावरून जायचं, रात्री परत. दिल्लीत कोण आहे, तर कुणी नाही. विमानतळाबाहेरही ते पाऊल टाकत नसत. "जरा आपल्या माणसांत जाऊन येतो," म्हणायचे. आपली माणसं म्हणजे क्रूची पोरं, जी यांना ओळखतसुद्धा नव्हती. पण त्यांचं ट्रॉली ढकलणं बघून काका ताजेतवाने होऊन येत. पासाला अट एकच, वागणुकीची एकही तक्रार येता कामा नये. त्यामुळे जगातला सर्वांत गुणी प्रवासी म्हणजे शेवाळेकाका. सांगायच्या आधी पट्टा बांधणार, सीट सरळ करणार, आणि हात मांडीवर ठेवून बसणार. हा पास गेला तर ह्या माणसाकडे दुसरं काही नाही, हे सोसायटीतल्या पोरांनाही कळत होतं.

गेल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्याला मला दिल्लीला जायचं होतं. काका म्हणाले, "चला, माझीही चक्कर आहेच." आम्ही शेजारी बसलो. लोक आत येत होते. त्यात पांढऱ्या कपड्यांतला एक धिप्पाड गृहस्थ आला, लासलगावचा कांद्याचा व्यापारी. फोनवर त्याने सगळ्या विमानाला ऐकू जाईल असं आपलं नाव-गाव सांगितलं होतं, म्हणून कळलं. काका पुटपुटले, "हा उठणार." मग स्वतःलाच दटावल्यासारखे म्हणाले, "आपल्याला काय. आपण प्रवासी."

विमान वर गेलं आणि पाऊण तासात तो उठला.

"ओ ताई, जरा बाजूला घ्यायला सांगा. मला उतरायचंय."

हवाई सुंदरी म्हणाली, "सर, आपण हवेत आहोत."

"मला माहितीये हवेत हाय. म्हणूनच उतरायचंय."

लोक हसले. तो हसत नव्हता. घाम फुटला होता आणि डोळे भिरभिरत होते. धीर यावा म्हणून घरून थोडी घेऊन निघाला होता, तर उलट होता तोही धीर गेला. तो तडक मागच्या दाराकडे गेला आणि त्याने दांड्याला हात घातला. मग हसणं थांबलं.

शेजारी काकांची कॉमेंट्री चालू होती. "आवाज खाली, शाब्बास. आता कॅप्टनला फोन. आता दोन दणकट प्रवासी मदतीला. हां. हात पुढे बांधा, मागे नको, श्वास अडतो. छान बांधला." परीक्षकाने पेपर तपासावा तसं चाललं होतं. व्यापाऱ्याला शेवटच्या रांगेत खिडकीशी बसवलं आणि ती मुलगी त्याच्या बाजूला बसली. काकांनी समाधानाने डोळे मिटले.

दिल्ली जवळ आली. पट्ट्याचा दिवा लागला. मुलीला आपल्या जागेवर जाऊन बसणं भाग होतं, ती उठली. मागून त्या माणसाचा आवाज यायला लागला, आता ओरडणं नव्हतं, रडणं होतं. "कुणी हाय का? हात बधिर झाले हो. कुणी हाय का?"

काकांनी डोळे उघडले. मागे वळून बघितलं. बेल दाबली, परत दाबली. कुणी आलं नाही. मग त्यांनी पट्टा सोडला आणि ते उभे राहिले.

"सर, बसा," मुलगी पुढून म्हणाली.

"त्याच्याजवळ कुणी नाही. बांधलेल्या माणसाला एकटं ठेवायचं नसतं."

"ते आम्ही बघू, सर. तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. आत्ता बसा, किंवा तुमचंही नाव रिपोर्टमध्ये जाईल."

मी त्यांचा शर्ट ओढला. "काका, पास जाईल. बसा गुपचूप."

काकांनी माझा हात हळूच सोडवला. मुलीला म्हणाले, "बरोबर बोललीस, बाळा. फक्त आवाज अजून थोडा खाली." आणि मागे चालायला लागले.

मी मान वाकडी करून बघत राहिले. काकांनी त्याच्या बाजूला बसून पट्टा लावला, त्याची बोटं उलटीसुलटी करून पाहिली, रक्त फिरतंय का बघायला नखं दाबली, खिशातला रुमाल काढून पट्टी आणि मनगट यांच्या मधे सरकवला. तो म्हणत होता, "दादा, सोडा ना." काका म्हणाले, "सोडता नाही येणार. पण मी इथून हलत नाही." नंतर विमानाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. दोघांची डोकी मात्र जवळ होती आणि व्यापारी बोलत होता.

उतरल्यावर सुरक्षेच्या लोकांनी दोघांनाही बाजूला घेतलं. काही दिवसांनी कंपनीचा फोन आला आणि पास बंद झाला.

काका ओरडले नाहीत की भांडले नाहीत. दुपारी ते पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले, बस्स. वरून विमान गेलं की पगारे वर बघत, काका बघत नसत. मला ते बघवेना. एक दिवस चहाला बोलावून मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. "दहा मिनिटांत विमान उतरणारच होतं. तो कोण लागत होता तुमचा? काय पडलं होतं तुम्हाला?"

काकांनी कपाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ताई, विमानात आमच्याशी लोक काय बोलतात? पाणी. उशी. अजून किती वेळ. सगळा जन्म तेच ऐकलं. बांधलेला माणूस आधी शिव्या देतो, मग रडतो, आणि मग बोलायला लागतो. घरचं, दारचं, पोराचं. खरं सांगू का, माझ्याशी मनातलं बोलले ते फक्त मी बांधलेलेच लोक."

मी बशीत बिस्किटं वाढली.

"त्या लासलगाववाल्याने काय विचारलं, माहितीये?" ते म्हणाले. "हात बांधलेले, नाक गळतंय, खाली पोलिस उभे. आणि मला विचारतो, दादा, तुम्ही जेवला का? एवढी वर्षं मी लोकांना ट्रे वाटले, ताई. हे मला कुणीच विचारलं नव्हतं."

"मग काय सांगितलंत?"

"जेवलो म्हणालो." काका ओशाळल्यासारखे हसले. "सकाळपासून नुसत्या चहावर होतो. पण त्याला कशाला सांगायचं, तो आधीच घाबरलेला होता."