मास्तरांचे ऐंशी कोट

माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत आपल्याला त्याची छाती कळते, अशी शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांची खात्री होती. तीस वर्षं टेप गळ्यात होती, उगाच नाही. त्यामुळे घड्याळांच्या कारखान्यातून ऐंशी कामगारांच्या निळ्या कोटांचं काम आलं, तेव्हा त्यांनी फोरमनला कळवून टाकलं, की ऐंशी कशाला, सहा जण पाठवा, पुरे.

सहा जण आले. छाती सगळ्यांची चाळीसच्या आसपास, कुणाची पाव इंच जास्त, कुणाची कमी. मास्तर खूश. संख्याशास्त्र शिकणारी त्यांची लेक काजं करता करता म्हणाली, की सरासरी एक वेळ बरोबर निघेल, पण माणसामाणसांत फरक किती हे सहा जणांवरून कसं कळणार? थोडी माणसं मोजली की फरक बहुधा कमीच दिसतो. आणि हे सहा निवडले कुणी? मास्तरांनी तिला बटणांचा डबा दिला आणि ऐंशीच्या ऐंशी कोट चाळीसचे बेतले. शिवणीत कापडही अर्धाच इंच सोडलं.

कोट वाटले त्या दिवशी गोदामातल्या हमालाची बटणं पहिल्याच श्वासाला उडाली. काटे बसवणारी बाई कोटात शिरली ती दिसेनाशीच झाली. मास्तरांनी घाम पुसत मॅनेजरला समजावलं, की जितके घट्ट तितकेच सैल, म्हणजे सरासरी तंतोतंत जमली आहे.

"मास्तर," मॅनेजर शांतपणे म्हणाला, "कोट सरासरीला घालायचा नाहीये."

मग उलगडा झाला. मास्तरांना त्रास नको म्हणून फोरमनने, कपाटातला जुना कोट ज्यांना नीट बसला, तेच सहा जण निवडून धाडले होते.

पुढचे अकरा दिवस अख्खं घर उसवत बसलं. सैल कोट आत घेतले, घट्ट कोटांच्या बगलेत पट्ट्या घातल्या. या वेळी मास्तरांनी ऐंशीही छात्या मोजल्या. चौतीसपासून सत्तेचाळीसपर्यंत होत्या. शेवटचा कोट इस्त्रीला गेला, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, की किती जण मोजले असते तर अंदाज आला असता.

"वीसेक. पण चिठ्ठ्या टाकून निवडलेले," लेक म्हणाली.

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तीनदा सांगितलं तिने," बायको म्हणाली. "मी ऐकत होते."

मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला.

"तीनदाच ना," ते पुटपुटले. "एवढ्याशावरून माणसाने काय ठरवायचं?"