नऊ कागदांचं अज्ञान

कोणतीही मोठी संस्था तिच्या इमारतींवर उभी नसते. तिला काय काय माहीत नव्हतं, यावर ती उभी असते. आमच्या टॅनर्स फोर्ड कॉलेजला ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारपर्यंत कोल्बी रेनहार्ट या विद्यार्थ्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. हे माहीत नसणं एकूण नऊ कागदांवर नोंदलेलं होतं आणि ते नऊही कागद मी स्वतःच्या हाताने फायलीला लावले होते.

मी डीनच्या कार्यालयात दफ्तर सांभाळतो. एकोणीस वर्षं झाली. या काळात माझ्याकडून एकही कागद हरवलेला नाही, हे मी अभिमानाने नाही, केवळ माहितीसाठी सांगतो.

पहिला कागद कोल्बीच्या आधीच्या कॉलेजचा. 'कोल्बीने आमच्या संस्थेतून स्वेच्छेने प्रस्थान केले असून त्याच्या पुढील वाटचालीस आमच्या हार्दिक शुभेच्छा.' तिथे त्याने खोलीतल्या सोबत्याच्या गळ्याला शिकारीचा सुरा लावला होता, हे पत्रात नव्हतं. शुभेच्छांच्या पत्रात अशा गोष्टी लिहीत नाहीत. आमच्याकडे त्याला लगेच प्रवेश मिळाला. (आमचा जलतरण तलाव त्याच्या काकांच्या नावाचा आहे. याचा प्रवेशाशी काहीही संबंध नाही, असं मला लेखी कळवण्यात आलं आहे.)

पुढचे सात कागद ओडेसा प्रूइट यांचे. त्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. मूळच्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, जॉर्जियातल्या; तिकडे आदराने नावाआधी 'मिस' लावतात, म्हणून आम्ही सगळे त्यांना 'मिस ओडेसा' म्हणायचो. त्याआधी बावीस वर्षं त्या टपालखात्यात होत्या, आणि टपालखात्यातल्या माणसाचा कागदावर फार विश्वास असतो. कोल्बीने सोबत्याच्या फोटोवर नेमबाजीची वर्तुळं काढून तो दारावर लावला, तेव्हा त्यांनी पहिलं पत्र दिलं. त्याने गाडीतून तळ्यावरच्या बदकांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा दुसरं. पलंगाखाली बंदुकीची लांब पेटी दिसली, तेव्हा तिसरं आणि आठवडाभराने उत्तर आलं नाही म्हणून चौथं. उरलेली तीन पत्रं आधीच्या चार पत्रांचं काय झालं, हे विचारणारी होती.

या पत्रांवर विचार करायला आमच्याकडे स्वतंत्र समिती होती, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. तिचं नाव आधी 'धोका निवारण समिती' होतं. धोका हा शब्द धोकादायक वाटल्याने ती 'चिंता समिती' झाली आणि चिंतेने पालक चिंतेत पडतील म्हणून शेवटी 'शुभचिंतन समिती'. वर्षभरात समितीच्या सोळा बैठका झाल्या. त्यातल्या नऊ नावावर गेल्या, चार नाश्त्यात मफिन असावेत की फळं यावर, आणि उरलेल्या तीनमध्ये कोल्बीचा विषय निघाला. वर्तुळांचा फोटो ही 'कलात्मक अभिव्यक्ती' ठरली आणि त्याला मातीकामाच्या शिबिराला पाठवण्यात आलं. (तिथे त्याने काय बनवलं, याची नोंद नाही.) बदकांचा विषय मैदान विभागाकडे गेला. बंदुकीच्या पेटीबद्दल समितीचं एकमत झालं, की त्यात गिटारही असू शकते.

नववा कागद मर्ना डल्की यांचा. भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख, वय अठ्ठावन्न. त्यांचा कोट कायम दगडाच्या पावडरीने पांढरा असायचा. कोल्बीला त्यांनी एका अहवालात कमी गुण दिले. त्यावर त्याने त्यांना लिहिलं, की ज्या हाताने हे गुण दिलेस तो हात तुला फार दिवस लागणार नाही. मर्नाबाईंनी हा ई-मेल छापून आमच्याकडे पाठवला आणि खाली पेनने लिहिलं, 'मुलगा नीट नाही. त्याला मदत मिळेल असं बघा.' समितीने याची नोंद 'गुणांबाबत शैक्षणिक मतभेद' अशी घेतली.

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कोल्बी प्रयोगशाळेत गेला. मर्नाबाई जागीच गेल्या. एका विद्यार्थिनीच्या खांद्याला गोळी लागली, ती वाचली. कोल्बीला पोलिसांनी आवारातच पकडलं. (कोल्बीच्या आधी 'कथित' हा शब्द प्रत्येक वेळी घालावा अशी वकिलांची सूचना आहे. वाचकांनी तो आपापल्या सोयीने घालून घ्यावा.)

कॉलेजने दाखवलेली तत्परता वाखाणण्याजोगी होती. दहा चाळीसला भांडारातून बाराशे मेणबत्त्या निघाल्या. त्या आदल्या वर्षीच आणून ठेवलेल्या होत्या. अकराला शोकसंदेश गेला. तोही तयारच होता, फक्त इमारतीचं नाव भरायचं होतं. आणि बाराला डीन लॅसर यांनी मला बोलावलं.

डीन लॅसर हा अत्यंत सुसंस्कृत माणूस. त्यांनी मला बसायला सांगितलं, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग म्हणाले की दफ्तर जरा शिस्तीत लावायला हवं. एका विद्यार्थ्याच्या नावाखाली बदकं, कला आणि गुण असे तीन भिन्न विषय एकत्र असणं हे वर्गीकरणाच्या तत्त्वात बसतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, काटेकोर बोलायचं तर बसत नाही.

"मग काटेकोर वागू या," ते म्हणाले.

एकही कागद फाडला नाही, एकही जाळला नाही. फोटोचा कागद कला विभागाच्या कपाटात गेला, बदकं मैदान विभागाच्या, आणि उरलेला गठ्ठा तक्रारींच्या. चार वाजता पोलीस कोल्बीची फाईल मागायला आले, तेव्हा तिच्यात त्याचा लसीकरणाचा दाखला आणि गाडी उभी करण्याचा परवाना होता. पोलीस म्हणाले, मुलाची पाटी कोरी दिसते. डीन गंभीरपणे म्हणाले, तेच तर सगळ्यात दुःखाचं आहे. त्या दिवशी घरी गेलो, तर मला जेवण गेलं नाही. बायकोला सांगितलं, पित्त झालंय.

दुसऱ्या दिवशी मिस ओडेसांना बोलावण्यात आलं. त्यांच्यापुढे एक निवेदन ठेवलं होतं: आपण कोल्बीबद्दल 'लेखी स्वरूपात, विहित नमुन्यात' कधीही काही कळवलेलं नाही. हेही अगदी खरं होतं. त्यांनी पत्रं साध्या कागदावर लिहिली होती, कारण विहित नमुना समितीने अजून मंजूर केला नव्हता. मी दाराशी फाईल घेऊन उभा होतो.

डीन म्हणाले, "मिस ओडेसा, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"माझ्या भावना राहू द्या बाजूला, डीनसाहेब. माझी सात पत्रं समजली असती, तरी पुष्कळ होतं."

मग त्यांनी पेन उचललं, त्याचं टोपण लावलं, आणि ते पेन आपल्या पर्समध्ये टाकून निघून गेल्या. निवेदन तसंच राहिलं. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याऐवजी चार शब्द ऐकवले असते, तर मला बरं वाटलं असतं.

जानेवारीत राज्याची चौकशी समिती आली. सुनावणी कॉलेजच्या सभागृहात झाली. मिस ओडेसांनी सातही पत्रांच्या तारखा वाचून दाखवल्या. समितीच्या अध्यक्षांनी नम्रपणे विचारलं, की मूळ पत्रं कुठे आहेत. डीन म्हणाले, आरोपीच्या फायलीत अशी कोणतीही पत्रं नाहीत. मला विचारलं, फायलीत किती कागद आहेत. मी शपथेवर सांगितलं, दोन. अध्यक्षांनी माझे आभार मानले. सभागृहात कुजबुज झाली, की म्हातारी शोकाने भरकटली असेल.

शेवटी लोकांना दोन-दोन मिनिटं बोलायची मुभा होती. व्हर्नन डल्की उभे राहिले, मर्नाबाईंचे यजमान. शाळेची बस चालवतात. मोठा माणूस, पण कोटाची बटणं चुकीची लावली होती. ती लावून देणारी आता घरी नव्हती. त्यांनी समितीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे वळले.

"ती मला म्हणाली होती, कागद दिलाय, आता ते लोक बघतील. ती खोटं बोलणारी बाई नव्हती." मग म्हणाले, "त्या फायलीत नाही, हे कळलं. मग कुठे ठेवलाय?"

एकोणीस वर्षांत मला हजारो लोकांनी हाच प्रश्न विचारला आहे आणि मी एकालाही परत पाठवलेलं नाही. डीन माझ्याकडे बघत होते. माझा आवाज रोजचाच निघाला.

मी म्हणालो, "कला, तिसरं कपाट. मैदान, सातवं. तक्रारी, अकरावं, वरून दुसरा खण. तुमच्या पत्नीचा कागद अकराव्यात आहे, साहेब."

सुनावणी तिथेच थांबली. कपाटं उघडली. नऊही कागद जागच्या जागी सापडले.

त्यानंतर न्याय झाला. समितीचा अहवाल दोनशे बारा पानांचा आहे. त्यात 'यंत्रणा' हा शब्द एकशे चाळीस वेळा येतो आणि माणसाचं नाव एकदाही येत नाही. यंत्रणा दोषी ठरली. तिला कठोर समज देण्यात आली. डीन लॅसर यांनी प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडलं आणि प्रकृती सुधारताच, म्हणजे तीन आठवड्यांनी, ते दुसऱ्या एका मोठ्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या शिफारसपत्राच्या शेवटी हार्दिक शुभेच्छा आहेत. ते मीच टंकलं. वसतिगृहाची पुनर्रचना होऊन मिस ओडेसांचं पद रद्द झालं. त्या आता गावच्या वाचनालयात बसतात आणि माझ्याशी बोलू लागल्या आहेत, थोडंथोडं. अर्ज न घेता कागदाचा ठावठिकाणा सांगितल्याबद्दल मला ताकीद मिळाली. ती मी माझ्या फायलीत, योग्य जागी लावली. व्हर्नननी कॉलेजकडे फक्त तो नववा कागद मागितला. पुरावा असल्यामुळे देता आला नाही. मी त्याची प्रत काढून त्यांच्या घरी नेऊन दिली. पेनने लिहिलेल्या ओळींवरून बोट फिरवत ते बराच वेळ बसले, आणि मग मला म्हणाले, कॉफी घेऊन जा.

एप्रिलमध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी खुला दिवस झाला. मला चौकशीच्या टेबलावर बसवलं होतं. सवयीने मी नोंद ठेवली. चारशे अठरा पालक आले. एकशे त्रेसष्ट जणांनी जेवणाबद्दल विचारलं, नव्वद जणांनी गाडी कुठे लावायची ते, बाकीच्यांनी नोकऱ्या आणि व्यायामशाळा. फक्त एका बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, की ते सगळं झालं ते इथेच ना. मी म्हणालो, हो. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, की त्यामुळे कॉलेजची क्रमवारी तर घसरली नाही ना. मी म्हणालो, नाही, उलट अर्ज चार टक्क्यांनी वाढलेत.

डीन लॅसर यांच्या नव्या विद्यापीठाचं माहितीपत्रक तुमच्याकडेही आलं असेल. परदेशी पालकांना ते आवर्जून पाठवतात. मुखपृष्ठावर तळं आहे, सुरेख. सुरक्षेची माहिती सत्तेचाळिसाव्या पानावर आहे. ते पान तुम्ही उघडलं असेल, तर कृपया मला कळवा. तशी नोंद करायला मी एक नवी फाईल उघडली आहे. अजून ती रिकामी आहे.