हौसाबाईचा ओला जिना

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, लगेच बघायला निघाल, हौसाबाई नावाची अस्वलीण राहायची. घर झाडाच्या ढोलीत. बैठकीची खोली वर, म्हणून मधे लाकडी जिना. पायऱ्या झिजून पार वाटीसारख्या झालेल्या.

हौसाबाईला एकच घोर. लेक केसर लग्नाची. पाहुणे यायचे, मध घातलेले पोहे चापायचे, तोंड पुसायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. कळवत कुणीच नव्हतं.

शेजारची खार म्हणाली, "हौसे, खोट पोरीत नाही गं, जिन्यात आहे. असला जिना बघून कोण सोयरीक करील?"

झालं! हौसाबाईनं सुतारपक्ष्याला बोलावलं. टोके मिस्त्री त्याचं नाव. त्यानं पायऱ्या घासल्या, भेगा बुजवल्या, पॉलिशचा डबा उघडला.

"वहिनी, सुकेपर्यंत जिना बंद."

"बंद कसा? उद्या गोदाक्का येतायत मुलाला घेऊन!"

"मग एक सोडून एक पायरी करतो. कोरडीवर पाय द्यायचा. राहिलेल्या मागाहून."

दुसऱ्या दिवशी गोदाक्का आल्या. केवढ्या? दोन म्हशी बसतील एवढ्या. हौसाबाई वरून ओरडली, "अक्का, एक सोडून एक या हं!"

पण पोरांनो, सुरुवात कुठून करायची ते सांगितलंच नाही ना! अक्कांनी पहिलीवर पाय दिला. ओली. दुसरी सोडली. तिसरी ओली. केसाळ तळवे असे चिकटले की बास. मागून मोहन आईला ढकलायला गेला आणि बदकन बसला. तोही ओल्यावरच.

पोहे जिन्यातच दिले.

खाऊन अक्का म्हणाल्या, "बरं, घरी जाऊन कळवतो."

"जा की."

अक्कांनी पाय ओढला. "अगं आई गं!"

"ओढू नका, पायाला टक्कल पडेल. मिस्त्री येऊन सोडवतील."

"कधी येतो मेला?"

"परवा."

खाली केसर मोहनजवळ कोरड्या पायरीवर बसली. "उजवा पाय हळू फिरवा. अहो, तुमचा उजवा!"

मोहन हसला. ती हसली. घटकाभर दोघं बोलतच राहिली.

मोहन म्हणाला, "आई, मला पसंत आहे."

"तुला कुणी विचारलं?"

"मलाही विचारा की," केसर म्हणाली. "मला चालेल. पळून जाणारा नाही, एवढं तर दिसतंय."

अक्का कण्हल्या, "फोडा बाई सुपारी. पण आधी त्या मिस्त्रीला बोलवा."

हौसाबाईनं वर बघितलं. "उतरा हो आता."

टोके मिस्त्री वरच्याच फांदीवर तेलाची बाटली घेऊन बसला होता.

आता त्या जंगलात ज्याच्या घरी लग्नाचं कुणी असेल, तो जिना पॉलिशला काढतो. ज्यांच्याकडे जिना नाही, ते आधी जिना बांधतात.

तात्पर्य : हाती घेतलेलं काम पुरं करावं, मात्र पाहुण्यांनी हो म्हणायच्या आधी मुळीच करू नये.