वाळूचं मंडळ

आमच्या शेजारचे आपटे सर पाहुण्याला चहा देण्याआधी त्याच्यासमोर साखरेचा डबा हलवतात. चहा मागून येतो, कधी येतही नाही. काठोकाठ भरलेली साखर बोटभर खाली बसली की विजयी मुद्रेनं म्हणतात, "बघितलंत? दाणे तेच. बसायची पद्धत बदलली!"

सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. नोकरी संपली, शिकवणं संपलं नाही. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्यांचं लाडकं वाक्य सगळ्यांना पाठ आहे: "एकटा दाणा गरीब हो! चार जमले की त्यांचं मंडळ होतं. मग ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत."

गेल्या महिन्यात दुरुस्तीसाठी वाळूचा ट्रक रिकामा झाला आणि सरांनी ढिगाशेजारी खुर्ची टाकली. मुलं दिसली की वसकन अंगावर जायचे. "घरी गाद्या नाहीत का उड्या मारायला?" आम्ही त्यांना यथेच्छ नावं ठेवली.

रविवारी सर जेवायला वर गेले आणि तेवढ्यात माझ्या सहा वर्षांच्या ईरानं ढिगाच्या पोटात गुहा खणली. वरची वाळू घसरली. किंकाळी ऐकून मी धावले, तर पोरगी छातीपर्यंत आत! काखेत हात घालून ओढलं, ती तसूभरही हलेना. मदतीला दोघे ढिगावर चढले, तशी वाळू तिच्या खांद्यापर्यंत आली.

"खाली उतरा! आधी सगळे खाली उतरा!" सर उष्ट्या हातानं धावत आले. "ओढू नका, वाळूनं आवळून धरलंय तिला. पाट आणा. घरोघरचे पाट!"

पाट? रडावं की यांना मारावं, मला कळेना. पण पाट आले. सरांनी ते तिच्याभोवती उभे खुपसून कुंपण केलं आणि आतली वाळू वाडग्यानं उपसायला मला बसवलं. वरून वाळू सळसळत पाटांवर येतच होती. ईराचे ओठ निळसर पडले होते. वाडग्यामागून वाडगं भरून मी वाळू लांब फेकत होते. सर मात्र तिचा हात धरून, आम्ही कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात बोलत होते. "छोटे छोटे श्वास घे, बाळा. आजोबा आहेत इथे."

कमरेपर्यंत मोकळी झाल्यावर ती अलगद वर आली. तिला उराशी धरून मी ढसाढसा रडले.

संध्याकाळी सर आमचा पाट परत द्यायला आले आणि उंबऱ्यातच घुटमळले.

"मुलांवर रागावत नाही हो मी. भीती वाटते." मग घसा खाकरून म्हणाले, "उद्या हिला जरा पाठवाल माझ्याकडे? शिकवणार नाही काही. नुसती बडबडत बसू दे. घरात दिवसभर आवाजच नसतो हो कुणाचा."